बार्जवर कोणी नव्हतं

कोल्हापूरहून आलेल्या बाईंनी सोलकढी संपवली, वाटी बाजूला ठेवली आणि सहज म्हणाल्या, "तुमचे मिस्टर माहिती छान देतात. बुडालेली बोट बघायची म्हणजे मला जरा भीतीच वाटत होती. पण ते म्हणाले, बुडाली तेव्हा बार्जवर कोणी नव्हतं. मग बरं वाटलं."

सोनाली त्यांच्या पानात भात वाढत होती. तिने भात वाढला, वर माशाचं हुमण घातलं, आणखी काही हवं का विचारलं. मग आत येऊन ती गॅसपाशी नुसती उभी राहिली.

त्या बार्जवर तिचा भाऊ होता.

निदान घरात, गावात आणि पोलिसांत सगळे तसंच धरून चालले होते. संदीप तिच्याहून धाकटा. वडील दोडामार्गाकडून खाणीवर ट्रक चालवायला मुळगावात आले आणि इथेच राहिले. खाण बंद झाल्यावर त्यांचं निधन झालं आणि कंपनीने संदीपला जेटीला बांधून ठेवलेल्या, खनिज वाहायच्या रिकाम्या बार्जवर राखणदार म्हणून घेतलं. खाणीचा खड्डा तोवर पाण्याने भरून तळं झालं होतं. तळं आणि नदी यांच्यामध्ये एक बांध होता. सहा वर्षांपूर्वी श्रावणात तो बांध फुटला. नदी तळ्यात घुसली, बार्जचे दोर तुटले, आणि ती जेटीला घासत, वाटेतली एक होडी चिरडत तळ्यात जाऊन आडवी झाली. संदीप सापडला नाही. पाणबुडे आले, गेले. शेवटी सोनालीच्या आईने, यशोदेने, भटांना विचारून नार्व्याच्या नदीवर दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करवून घेतली. तेव्हापासून ती लेकीकडेच राहत होती. महालयात ती त्याच्या नावाने कावळ्याला भाताची वाडी ठेवायची आणि कावळा येईपर्यंत पाणीसुद्धा प्यायची नाही.

कंपनीने काम गुंडाळून जाताना मयताच्या घरच्यांना म्हणून एक फायबरची बोट दिली. सोनालीचा नवरा प्रशांत त्या बोटीतून पर्यटक फिरवायचा. तळ्यात लांब घुसलेल्या जमिनीच्या पट्ट्याला लोक नाक म्हणत. त्या नाकावर कंपनीने केलेली बाग होती, जुन्या जेटीचा दीपस्तंभ होता आणि टोकाला ती बार्ज होती. रविवारी गोव्याबाहेरचे लोक यायचे, फिरायचे आणि जेवायला सोनालीच्या ओट्यावर बसायचे.

संध्याकाळी प्रशांत पाय धूत होता तेव्हा तिने विचारलं, "त्या कोल्हापूरच्या बायेक तुमी काय सांगलास? बार्जवर कोण नव्हतो म्हणान?"

त्याने पायावर आणखी एक तांब्या ओतला. "पर्यटकांक मेलेल्याची गजाल कित्याक सांगूची? भियेतत. मगे परत येणत नाय."

उत्तर चोख होतं. सोनालीला ते पटलंही. पण रात्रीच्या भाकऱ्या थापताना तिच्या लक्षात आलं, की त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आणि मग इतकी वर्षं न दिसलेल्या गोष्टी एकेक करून दिसायला लागल्या. संदीपच्या फोटोला नवा हार घालायचा तर प्रशांत बाहेर जायचा. नार्व्याला क्रियेच्या दिवशी तो पुलावरच थांबला होता, खाली उतरला नव्हता. आई "माझो झील" म्हणून डोळे पुसायला लागली, की त्याला हटकून बोटीचं काहीतरी आठवायचं. तिला वाटायचं, हळवा आहे, सोसत नाही. आता तिला त्या प्रत्येक वेळचा त्याचा चेहरा पुन्हा बघावासा वाटत होता.

दर गुरुवारी तो कोलवाळला मेकॅनिककडे जायचा. इंजिन आवाज करतं म्हणून.

त्या गुरुवारी स्कूटर वळणाआड गेल्यावर तिने आईला सांगितलं, "बचत गटाची मीटिंग असा," आणि छत्री घेऊन ती नाकाच्या वाटेला लागली. बार्ज बुडाल्यापासून तिने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. जिथे भाऊ गेला तिथे कशाला जायचं, असं ती म्हणायची. प्रशांतनेही कधी चल म्हटलं नव्हतं.

मे महिना होता. कंपनीची बाग म्हणजे मातीच्या जुन्या ढिगावर लावलेली अकेशियाची झाडं. खाली सिमेंटची हरणं उभी होती, त्यातल्या एकाची शिंगं कोणीतरी काढून नेलेली. झोपाळ्याच्या साखळ्या होत्या, फळ्या नव्हत्या. पंचायतीने अलीकडे फुलपाखरांची बाग म्हणून एक पाटी लावली होती, आणि तिच्याखाली घाणेरीची झुडपं माजली होती. लाल धूळ पायाला चिकटत होती. जागोजाग दगडांवर पांढऱ्या रंगाने बाण काढलेले होते. 'फारोल', 'बार्ज', 'शौचालय'. अक्षर प्रशांतचं होतं. फारोल म्हणजे दीपस्तंभ. जुनी माणसं अजून तोच शब्द वापरतात.

फारोल लोखंडी सांगाड्याचा होता, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. अंधारात येणाऱ्या बार्जींना जेटी दिसावी म्हणून कंपनीने उभा केलेला. त्याच्या पायथ्याशी कृष्णनाथचा चहाचा गाडा होता. कृष्णनाथ खुर्चीत बसलेला, कुबडी गाड्याला टेकवलेली. त्या दिवशी चिरडली गेली ती होडी त्याची होती. बार्ज आणि जेटीचा दगड यांच्यामध्ये त्याचा उजवा पाय सापडला, तो मांडीपासून कापावा लागला.

सोनालीला बघून तो चपापला. "बाय, फुडें वचूं नाका. प्रशांत ना आज."

"जराशी बघून येतंय," ती म्हणाली आणि थांबली नाही.

टोकाला पाणी खूप खाली गेलं होतं. बार्ज एका कुशीवर कललेली, अर्धी चिखलात, अर्धी वर. पिंपांवर फळ्या टाकून केलेल्या धक्क्यावरून पर्यटक तिच्या पुढच्या टोकासमोर फोटो काढत. तिथून मागे जायला निळा दोर आडवा बांधलेला होता आणि त्यावर पाटी, 'पुढे जाऊ नये. धोका आहे.' पुन्हा तेच अक्षर.

फळ्या चांगल्या मजबूत होत्या. डेकवरही कुठे भोक दिसत नव्हतं. धोका नक्की कशाचा, ते तिला कळेना. ती दोराखालून वाकून पलीकडे गेली.

पायाखाली गंजाचे पापुद्रे चुरचुरत होते. कलत्या डेकवर कठडा धरून चालत ती मागच्या केबिनपर्यंत पोचली. राखणदाराची केबिन. इथेच संदीप झोपायचा, स्टोव्हवर चहा करायचा. पत्र्याचं दार होतं, कडी होती. कडीला कुलूप होतं.

सोनाली त्या कुलपाकडे बघत राहिली. गंजून ते दारासारखंच तांबडं झालं होतं. तिने हात लावला, ओढून पाहिलं. बंद होतं. बाहेरून लावलेलं.

आधी तिच्या मनात आलं ते इतकं भयंकर होतं, की तिने दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. कोणीतरी त्याला आत कोंडून बाहेरून कुलूप घातलं. आणि हे जो जाणतो, त्याने दोर बांधला, पाटी लावली.

बाजूला एक लहान चौकोनी खिडकी होती, काच नसलेली. तिथे जाऊन आत बघायला तिला खूप वेळ लागला. एकदा ती परतही फिरली. मग पुन्हा आली आणि डोळे उघडे ठेवून आत पाहिलं. उन्हातून आलेली, म्हणून पहिल्यांदा काहीच दिसेना. हळूहळू चिखल दिसला, वाळून भेगाळलेला. लोखंडी कॉटचा सांगाडा. उलटी पडलेली प्लास्टिकची खुर्ची. तिने चारी कोपरे पाहिले, कॉटच्या खाली पाहिलं. आणखी काही नव्हतं. माणूस नव्हता, माणसाचं काही उरलेलंही नव्हतं.

ती तिथेच तापलेल्या पत्र्यावर बसली. आत कोणी नव्हतं, म्हणजे कोंडलं नव्हतं. मग कुलूप कोणी घातलं? केबिनला कुलूप कधी घालतो माणूस? बाहेर जाताना घालतो.

परत फारोलपाशी आली तेव्हा कृष्णनाथने न विचारता तिच्यासमोर पाण्याची बाटली ठेवली. त्याचा मुलगा साईश पिकअपमधून सोड्याचे क्रेट उतरवत होता.

"कृष्णनाथबाब," ती म्हणाली, "ती बार्ज तुमच्यार इली, तेव्हा तुमी माझ्या भावाक बघलास?"

म्हाताऱ्याने हाक मारताना धरतात तसा हात तोंडाशी नेला. "हांवें बोब मारली, बाय. वयर पळयलें. परतून बोब मारली. डेकार कोणूच नासलो."

"घाबरान खाली बसलो असात."

"भोंगो वाजवपाचें काम ताचें. बार्ज सुटली जाल्यार भोंगो वाजवपाचो, म्हूणच ताका थंय दवरिल्लो. भोंगो वाजूंक ना. कोण आसलो जाल्यार वाजयतलो न्हय?"

"मगे तुमी ह्या कोणाक सांगलास नाय?"

कृष्णनाथने साईशकडे एक नजर टाकली. "हांव हॉस्पितालांत. हो म्हजो पूत कोयतो घेवन संदीपाक सोदीत भोंवतालो. मागीर आयकलें, तुज्या आवयन नार्व्याक वचून क्रिया केली. साईश घरा येवन रडलो, म्हणूंक लागलो, बरो मनीस आसलो, हांवें ताका वायट चिंतलें. ताचे उपरांत हांवें किदें सांगचें?"

सोनालीने पाणी प्यायलं. मग तिने तो दुसरा प्रश्न विचारला, जो खरं तर विचारायचा नव्हता. "बोटीच्या इंजिनाक काय झाला असा? दर आठवड्याक कोलवाळाक न्हेतत."

उत्तर साईशने दिलं, क्रेट खाली ठेवत. "इंजिनाक? तें हांवेंच शिमग्याक दुरुस्त केलें. घड्याळासारखें चलता." मग तो घुटमळला. "प्रशांतदादाक हांवें दोनदां हळर्णाक पळयला. केळीं हाडूंक गेल्लों तेन्ना. किल्ल्याच्या वाटेर, स्कुटरीर. म्हाका दिसलें, तुमचे सोयरे आसतले थंय."

हळर्णला त्यांचं कोणीही नव्हतं.

आठवडाभर सोनाली घरात नेहमीसारखी वागली. जेवण केलं, ओट्यावर पानं मांडली, आईच्या गुडघ्यांना तेल चोळलं. प्रशांत बोलायचा तेव्हा ती त्याच्या शब्दांकडे नाही, हातांकडे बघायची. त्याचा फोन वाजला की कान द्यायची. भाऊ त्या दिवशी बार्जवर नव्हता, आणि नवरा गुरुवारी कोलवाळला नसतो. या दोन गोष्टी तिने वेगवेगळ्या ठेवायचा प्रयत्न केला. दुसरीचं कारण बाई असणार, असं तिने जवळजवळ ठरवलं होतं. बाईसाठी माणसं खोटं बोलतात. पण मग बार्जच्या पाटीचं काय? तिथे तिचं डोकं चालेनासं व्हायचं.

गुरुवारी तो स्कूटर पुसत होता तेव्हा ती म्हणाली, "माका आज डिचोलेक जावचा असा. डॉक्टरणीकडे." आणि त्याच्या आधीच घराबाहेर पडली. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून हळर्णची बस. खिडकीशी बसून तिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरकडे पाहिलं. त्याची दिसली नाही.

किल्ल्याच्या वाटेवर एका दुकानात तिने लिंबू सरबत घेतलं आणि विचारलं, "डिचोलीसून एक मनीस येता, काळ्या स्कूटरीवरसून, तो खयच्या घराक जाता?" दुकानदाराने तिला नीट न्याहाळलं. तो उत्तर देणार नाही असंच तिला वाटलं. मग त्याने हनुवटीने दाखवलं. किल्ल्याच्या पडक्या भिंतीला लागून कुळागर होतं, सुपारीचं आणि केळीचं, आणि त्याच्या काठाला कौलारू घर.

अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. लहान मुलीचे दोन झगे, एक गाऊन, आणि निळ्या चौकड्यांचा एक शर्ट. तो शर्ट सोनालीने ओळखला. खिसा उसवला तेव्हा निळा दोरा नव्हता म्हणून तिने पांढऱ्याने शिवला होता. मागच्या दिवाळीत तो दिसेनासा झाला तेव्हा प्रशांत म्हणाला होता, बोटीचं ऑइल पुसायला फाडला.

दारात एक बाई आली. तिशीची, सावळी, हाताला पीठ लागलेलं. "कोण व्हया?"

सोनालीला आतून एक विचित्र थंडपणा आला होता. म्हणजे हे असं आहे. तिने शर्टाकडे बोट केलं. "हो शर्ट कोणाचो?"

"माझ्या घोवाचो," ती बाई म्हणाली. "कित्याक?"

तिच्या मागून चार-एक वर्षांची मुलगी बाहेर आली, परक्या बाईला बघून थबकली आणि कुळागराकडे तोंड करून ओरडली, "बाबा, कोणतरी इला हा."

केळीतून एक माणूस आला. डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला, खांद्यावर केळीचा घड. दाढी राखली होती. चालताना डावा खांदा किंचित पाडून चालत होता. वडील तसेच चालायचे.

त्याने मान वर केली आणि घड खांद्यावरून सुटून खाली पडला.

"ताई," संदीप म्हणाला.

सोनाली त्याच्याजवळ गेली नाही. अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसली. ती बाई, कमल तिचं नाव, एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मग तिला कळलं असावं. मुलीचा हात धरून ती आत गेली.

संदीप समोर उकिडवा बसला. सोनालीनेच विचारलं. "केबिनीक कुलूप घालून खय गेल्लंस?"

"डिचोलेक. पालखी होती, भजनाक बसलंय. तासाभरात येतलंय म्हणान गेलंय, रवलंय." त्याने डोक्यावरचा टॉवेल सोडला. "येवन बघतंय तर बांध नाय, बार्ज नाय. लोक सांगूक लागले, कृष्णनाथाचो पाय गेलो, साईश कोयतो घेवन माका सोधता. मी रानात लिपलंय. प्रशांतभावोजींक फोन केलंय. ते म्हणाले, दोन दिस दोडामार्गाक रव, सगळा थंड झाला काय मी हाडतंय तुका. मगे कोणीतरी म्हणाला, मी बुडलंय. तसाच सगळ्यांक पटला. साईशान कोयतो ठेवलो. भावोजी म्हणाले, अजून थोडे दिस थांब. मगे आवशीन क्रिया केल्यान. कंपनीन बोट दिली. तेच्यानंतर येवचा कसा?"

"आवशीक एकदा सांगूचा होता."

"आवस गप्प रवली असती? तिच्या तोंडावरसूनच गावाक कळला असता."

"म्हणान तिका रडाक लावलास. सहा वर्सां."

वाटेवर स्कूटर थांबल्याचा आवाज झाला. प्रशांत हातात किराण्याची पिशवी घेऊन फाटकातून आत आला आणि सोनालीला बघून जागीच उभा राहिला. त्याने पिशवी पायरीवर ठेवली.

"घरी चल," तो अखेर म्हणाला. "मी सांगतंय सगळा."

"ह्येना सांगलान सगळा," सोनाली उठली. "मी बशीन जातंय."

तो बस स्टॉपपर्यंत तिच्या मागे स्कूटर ढकलत आला. बस येईपर्यंत दूर उभा राहिला. ती चढली तेव्हा त्याने हात वर केला, मग खाली घेतला.

आईला सांगायचं कसं, याचा तिने बसमध्ये पुष्कळ विचार केला. पण घरी आल्यावर ती सरळच म्हणाली, "आये, संदीप जितो असा. हळर्णाक असा. मी आत्ता तेका बघून इलंय."

यशोदा चवळीच्या शेंगा सोलत होती. तिने हात थांबवले नाहीत. "माका गप्प करूक सांगतंस," ती म्हणाली. "मी काल रडलंय म्हणान."

"शपथ घेव काय तुझी?"

"शपथ नको. लोक असाच सांगतत म्हाताऱ्या माणसांक." तिने एक शेंग मोडली. मग तिची नजर दाराकडे गेली. दारात प्रशांत उभा होता, आत यावं की नाही अशा बेतात. यशोदेने जावयाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. त्याने मान खाली घातली. सोनालीच्या शब्दांनी झालं नव्हतं ते त्याच्या खाली गेलेल्या मानेने झालं. म्हातारीच्या मांडीवरचं सूप सरकलं आणि शेंगा जमिनीवर पसरल्या.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून ती तिघं हळर्णला गेली. संदीप वाटेवरच उभा होता. तो पाया पडायला वाकला, तशी यशोदा एक पाऊल मागे सरली. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून वर केलं, डोळे, कपाळ, दाढी, सगळं तपासल्यासारखं बघितलं. चुकून दुसराच कोणी तर नाही ना, असं तिच्या नजरेत होतं. मग हात काढून घेतले.

"कृष्णनाथाक तोंड दाखय," ती म्हणाली. "तेच्या फुड्यात उभो रव. मगे माका आये म्हण."

"साईश माका मारीत."

"मारांदे."

त्याच्याशी ती आणखी एक शब्दही बोलली नाही. पण निघताना दाराआड उभ्या असलेल्या मुलीला तिने नाव विचारलं. "तनया," मुलगी म्हणाली. यशोदेने तिला जवळ ओढलं आणि गाडीचा ड्रायव्हर हॉर्न देईपर्यंत सोडलं नाही.

रविवारी दुपारी, पर्यटक जेवायला गेलेले असताना, संदीप नाकावर आला. सोनाली त्याच्याबरोबर होती. फारोलच्या सावलीत कृष्णनाथ ग्लास विसळत होता. त्याने संदीपला लगेच ओळखलं, आणि त्याला आश्चर्य वाटलं नाही, हे सोनालीला दिसलं.

"मी थय नव्हतंय," संदीप म्हणाला. "भजनाक गेल्लंय. भोंगो मारूक मी थय नव्हतंय."

"म्हाका खबर आसा," कृष्णनाथ म्हणाला. ग्लास त्याने पालथा घातला. "भोंगो वाजिल्लो जाल्यार हांव कुशीक सरतलों आसलों. इतलेंच. दर दिसा हें मनांत येता. तुवें मरून तें कमी जालें ना." मग दुसरा ग्लास उचलत, "आतां साईशाक तूंच सांग. हांव सांगचो ना."

साईश सोडा द्यायला आला तेव्हा संदीपलाच सांगावं लागलं. साईशने सगळं ऐकून घेतलं. त्याने संदीपच्या एक मुस्कटात मारली, जोरात नाही, आणि पिकअप तिथेच टाकून चालत निघून गेला. मग कित्येक दिवस तो नाकावर फिरकला नाही. त्याने अश्रू ढाळले होते, आणि ते फुकट गेले होते. त्याला राग बहुतेक त्या अश्रूंचाच होता.

पुढचं बरंच काही कचेऱ्यांमध्ये झालं. पोलिसांत जबाब झाले, पंचायतीत बोलावणं आलं, गावातले लोक ओट्यावरून जाताना आवाज हळू करू लागले. बोट मेलेल्या माणसाच्या नावाने मिळाली होती आणि माणूस मेला नव्हता. कंपनी तर कधीच निघून गेली होती. सोनालीनेच प्रशांतला सांगितलं, बोट कृष्णनाथच्या घरी द्यायची. तो एका शब्दाने अडला नाही. साईशने आधी नको म्हटलं, मग वडिलांनी सांगितलं म्हणून घेतली. आता बोट साईशची आहे आणि रविवारी प्रशांत ती त्याच्यासाठी चालवतो. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात. यशोदा महिन्यातले काही दिवस हळर्णला राहते. संदीप तिला आये म्हणतो. ती ओ देते, पण कधी कधी जरा उशिरा देते.

प्रशांतने बायकोची माफी मागितली, एकदा नव्हे, बऱ्याचदा. तो म्हणाला, मी कोणाचं वाईट केलं नाही, एका माणसाचा जीव वाचवला. तेही खरं होतं. सोनाली त्याच्यावर ओरडली नाही, माहेर म्हणून जायला तिला दुसरं घरही नव्हतं. ती त्याला जेवायला वाढते, त्याला औषधाची आठवण करून देते. फक्त तो बोलतो तेव्हा अजून हातांकडे बघते.

परवा तो म्हापशाला बोटीचं सामान आणायला निघाला. जाण्याआधी स्वतःहून तिच्या फोनमध्ये काहीतरी करून दिलं. "मी खय असंय ता तुका दिसात," तो म्हणाला. "तुका बरा वाटात."

तिने नको म्हटलं नाही. दुपारभर भाजी चिरताना, भांडी घासताना तिने फोन समोरच्या फळीवर टेकवून ठेवला होता. निळा ठिपका अस्नोड्यावरून गेला, थिवीला थोडा थांबला, मग म्हापशाच्या बाजारात जाऊन स्थिर झाला.

फोन वाजला. "पोचलंय," प्रशांत म्हणाला.

"म्हायत असा," सोनाली म्हणाली.

तिने फोन पालथा ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. अर्धा कांदा झाल्यावर तिने हात पदराला पुसले आणि फोन पुन्हा उलटा करून पाहिला.